अठ्ठ्याण्णवची टाकी

ताउनो कॅर्पाने आयुष्यभर पेट्रोल पंपांची मापं तपासली. एक लिटर म्हटलं की एक लिटरच पडायला हवं, एवढाच त्याचा धर्म. चर्चला तो फक्त मयताला जायचा, आणि तिथेही भजनाची कडवी मोजायचा.

बायकोशी त्याचा एकच वाद चाळीस वर्षं चालला. इर्या म्हणायची, गाडीला अठ्ठ्याण्णव ऑक्टेनचं पेट्रोल घाल, ती गुणगुणते. ताउनो म्हणायचा, पंच्याण्णव पुरतं. त्यात अल्कोहोल जरा जास्त असतं, म्हणून एखादा टक्का जास्त जळेल, बाकी गुणगुणणं तुझ्या कानात. हायब्रिड गाडी आली तरी वाद मिटला नाही. मग इर्याच वारली.

पुढच्या हिवाळ्यात ताउनो चुलीवर कॉफीचं भांडं विसरला. दोनदा. ओउलूहून त्याची मुलगी रीक्का आली आणि म्हणाली, "बाबा, गाडी विकू या."

"डोकं ठिकाणावर आहे की नाही ते आकडे सांगतील," ताउनो म्हणाला. "एक टाकी पंच्याण्णवची, एक अठ्ठ्याण्णवची. रोज कुहमोपर्यंत जाऊन-येऊन साठ किलोमीटर. आठ टाक्या. आकडे सरळ आले तर गाडी माझी. वाकडे आले तर ने."

ती तयार झाली. बाप आकड्यांत चुकेल, हे तिला मनातून पटत नव्हतं.

आकडे वाकडे आले. पंच्याण्णववर शंभर किलोमीटरला पाच लिटर. अठ्ठ्याण्णववर थोडं कमी यायला हवं, तर साडेपाच. प्रत्येक वेळी. निघण्यापूर्वी गाडी अंगणातल्या खांबाच्या विजेला जोडून इंजिन बरोबर दोन तास गरम करायचं, चाकांतली हवा मोजायची, ताशी ऐंशीच्या वर जायचं नाही. सगळं नेमाने केलेलं. आठवी टाकी अठ्ठ्याण्णवची होती आणि रविवारी रीक्का येणार होती.

शुक्रवारी सकाळी त्याने माझं, म्हणजे शेजाऱ्याचं, दार वाजवलं. "पेंटी, चल. मी काय चुकतोय ते बघ."

मी पुढचं दार उघडायला गेलो.

"मागे बस."

"पुढे काय अंडी ठेवलीयत?"

"पुढची जागा प्रयोगात मोकळी धरलीय. तुझं वजन किती?"

"शहाण्णव."

"लाज नाही वाटत? बरं, वजा करीन."

बाहेर तापमान उणे बावीस होतं. रस्ता पांढरा, आकाश पांढरं, मधे बर्चची खोडं. ताउनोने हीटर एकोणीसवर ठेवला. त्याला त्याहून जास्तीवर घाम फुटतो. चौथ्या किलोमीटरला त्याचा उजवा हात उठला, बटण चोवीसवर गेलं आणि हात परत स्टिअरिंगवर आला. तो रस्त्याकडेच बघत होता. बॅटरीवर शांत चाललेली गाडी इंजिन लावून घुरघुरू लागली. एवढी ऊब द्यायची तर ते बंद ठेवून कसं चालेल? जास्तीचा अर्धा लिटर सापडला.

"ताउनो, हीटर तू वाढवलास?"

"मी? मला उकडतंय," तो म्हणाला. खरंच त्याच्या मानेवर घाम होता.

पंच्याण्णवच्या दिवशी हा हात उठत नसणार. अठ्ठ्याण्णव इर्याचं पेट्रोल होतं आणि तिला थंडी वाजायची. माणूस सवयीचा गुलाम, असा स्वस्तात निष्कर्ष काढून मी मागे टेकलो.

तेवढ्यात समोर लाल दिवा लागला आणि गाडी टिणटिणू लागली. म्हणजे ताउनोच्या शेजारच्या जागेवर वजन आहे, पट्टा लावलेला नाही. त्या जागेवर माझी टोपीसुद्धा नव्हती.

"पट्टा, इर्या," ताउनो म्हणाला. थंडीत दार लोटून घे म्हणावं, तितक्याच सहज.

खट् असा आवाज झाला. दिवा विझला. मी खिडकीबाहेरचे बर्च मोजू लागलो आणि कुहमो येईपर्यंत मोजतच राहिलो.

रविवारी रीक्काने गाडीची किल्ली हातात घेऊन मला अंगणात गाठलं.

"काका, खरं सांगा. आकडे का चुकतायत?"

"चुकत नाहीयत. अठ्ठ्याण्णवच्या टाकीला हीटर चोवीसवर असतो. तेवढं सोडलं तर तुझ्या बापाचा हिशेब थेंबाला थेंब बरोबर आहे."

"चोवीस? बाबांना?" तिने गाडीकडे पाहिलं. "आणि चालवतात कसे?"

"उत्तम. पुढे दोन्ही पट्टे लावलेले होते."

"म्हणजे तुम्हीही लावलात. बरं झालं," ती म्हणाली आणि किल्ली बापाला द्यायला आत गेली.

मी मागे बसलो होतो, आणि पट्टा लावायला विसरलो होतो. हे मी तिला सांगितलं नाही.