साळाईच्या ओव्या आणि डाव्या पुडीची कणीक

गावच्या भजनी मंडळाचे प्रमुख तात्या, त्यांनी मला मंडळातून काढलं, त्याला बारा वर्षं झाली. “बकऱ्यांचा सौदा करणाऱ्या हातात टाळ शोभत न्हाय,” असं ते भर मंदिरात बोलले होते. एका शेळीवर मी धंदा उभा केला, त्याच हातांनी लेकीला गाण्याला घातलं. पण तेव्हापासून देवावरची श्रद्धा खरी की तात्यांवरचा राग खरा, हे माझं मलाच कळेनासं झालं होतं.

आमच्या इंदापूरच्या बाजूला फार पूर्वी साळाई नावाची संत बाई होऊन गेली. मेंढरं राखता राखता ती अक्षर शिकली आणि ओव्यांचं बाड मागे ठेवून गेली. माझ्या लेकीने त्या ओव्यांना नव्या चाली लावल्या, बारामतीत कार्यक्रम ठरवला. तात्यांना मी मुद्दाम पहिल्या रांगेत बसवलं. त्यात भक्ती कमी आणि खुन्नस जास्त होती.

पडदा उघडायला अर्धा तास असताना फोन आला. पखवाजवाला गाडीवरून पडला होता, त्याचं मनगट मोडलं होतं. पखवाज टेम्पोतून आधीच आला होता, वाजवणारा नव्हता. मी त्या जखमी माणसालाच फोनवर शिव्या घातल्या. लेक पांढरीफटक पडली, कारण सगळ्या चाली तिने पखवाजावरच बांधल्या होत्या. मी मनातल्या मनात साळाईशीही घासाघीस सुरू केली, एवढं निभावून ने, मग मी अमुक करीन.

तेवढ्यात आमची धांदल ऐकून नऊवारीतली एक वयस्कर बाई प्रेक्षकांतून उठून आत आली, मी वाजवते म्हणाली. बावडा गावची होती. वडील पखवाज वाजवायचे, दाराआडून ऐकून ती शिकली होती. देवळात तिला कुणी कधी वाजवू दिलं नव्हतं. मी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळत उलटतपासणी सुरू केली.

“शेळीचं दात बघितल्यागत बघू नगा,” ती शांतपणे म्हणाली. “गेल्या साली बाजारात माझी शेळी घेताना लई रडवलंत मला. आता पखवाजाच्या डाव्या पुडीला, नाद घुमायला, मळलेली कणीक लागंल, तेवढी आणा.”

मला तिचा चेहराही आठवेना. खाली मान घालून शेजारच्या खानावळीत पळालो. आमच्या हाताला सवय जोंधळ्याची, तेच पीठ मळून आणलं. बोटांत घेताच तिला हसू आलं.

“आबा, ह्याची भाकरी व्हईल, पखवाज न्हाय बोलायचा. गव्हाची आणा.”

पुन्हा पळालो. तोवर लेकीने तिला चाली गुणगुणून दाखवल्या होत्या. तिने कणीक पुडीवर थापली, एक थाप दिली, आणि तो नाद माझ्या छातीत उतरला.

तात्यांचं तोंड बघायला मी हा सगळा घाट घातला होता. पण लेक गात होती तोवर मला त्यांची आठवणसुद्धा झाली नाही. नंतर ते भेटले, काहीतरी चांगलंच बोलले. काय बोलले ते ध्यानात नाही, कारण मी गर्दीत त्या बाईंना शोधत होतो. लेक आधीच बाईंच्या पायाशी वाकली होती. मीही वाकलो.

त्या बाईंना साळाईने पाठवलं का, हे मी कुणाला पटवायला जात नाही. ओव्या साळाईच्या, गळा लेकीचा, हात त्या माउलीचे. माझ्याकडून फक्त पीठ मळून घेतलं गेलं, तेही दुसऱ्या खेपेला जमलं. आयुष्यात इतका अभिमान मला दुसऱ्या कशाचा वाटलेला नाही.