पागोळीचं पाणी

आमच्या नानाकाकांनी आल्यागेल्याला कधी पाणी विचारलं नाही. भर उन्हात चढ चढून माणूस दारात आलं, तरी नाना पडवीतल्या खुर्चीवरून एवढंच म्हणत, "चपला तिकडे. कुंड्यांवर धूळ उडते." पाणी काकी आणायची, सोबत गुळाचा खडा. काकीला नाना पहिल्यापासून पाण्यात पाहत. पाणी जपावं मात्र त्यांनीच.

त्या कुंड्यांत किडे खाणारी झाडं होती. पेले लोंबवणारी घटपर्णी, पानाचा जबडा मिटून माशी धरणारं एक परदेशी झुडूप, आणि आमच्याच सड्यावरून, डोंगरमाथ्यावरच्या कातळातून मातीसकट आणलेलं, केसांच्या टोकाला चिकट थेंब घेऊन बसणारं दवबिंदू. या मंडळींना फक्त पागोळीचं पाणी. पावसात कौलं स्वच्छ धुऊन निघाली की नाना पागोळ्यांखाली पिंपं लावत, तोंडाला फडकं बांधून ती भरून घेत आणि वर झाकण घालून कुलूप लावत. मेमध्ये नळ आटला की काकी शेजारच्या विहिरीवरून कळशा वाहायची, पण पिंपाला हात लावायची तिची टाप नव्हती.

नळाच्या पाण्यातले क्षार आणि ब्लीचिंग पावडर या झाडांची मुळं जाळतात, हे मला नानांनी शिकवलं. पाणी वरून ओतायचं नाही. कुंडीखाली थाळी ठेवायची, तिच्यात बोटभर पाणी, आणि झाडाने खालून हवं तेवढं ओढून घ्यायचं. चुकले तर हातावर फटका बसे. एकदा मी मेलेली माशी पानाला भरवायला गेले, तर म्हणाले, "ती आपली शिकार आपण करतात. आयतं गिळायला ती काय आपल्या घरातली माणसं आहेत?" तरी मला ते फार आवडत. लांज्याला सासरी माझी एक घटपर्णी अजून पागोळीच्या पाण्यावर आहे.

माझं लग्न ठरायच्या सुमाराला राजापूरला गंगा आली, वर्षा-दोन वर्षांनी प्रकटणारा तिथला झरा वाहू लागला. काकी बायकांबरोबर गेली आणि बाटली भरून गंगा घेऊन आली. त्या दिवसांत एक घटपर्णी काळी पडत चालली होती. तिच्या थाळीतलं पाणी नानांनीच उन्हाळ्यात सुकू दिलं होतं. काकीने हात जोडले आणि देवांना घालावी तशी थोडी गंगा त्या कुंडीत घातली. तिला वाटलं, गंगेने बरं वाटेल. झऱ्याच्या पाण्यात क्षार असतात, हे तिला कोण सांगणार? थोड्या दिवसांनी झाड गेलं.

लांज्याची मंडळी मला बघायला आली, त्याच दिवशी नानांनी ती वाळकी कुंडी आणून पोह्यांच्या बशांमध्ये ठेवली. पाहुण्यांना सगळी हकीकत रंगवून सांगितली आणि शेवटी काकीकडे बोट करून म्हणाले, "हिच्या हाताला काही जगत नाही."

नाना-काकींची एकुलती मुलगी बारशाआधीच गेली होती. हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. काकीने बशा गोळा केल्या. त्या दिवसापासून नानांनी तिच्या हातचं पाणी बंद केलं. स्वतःचा तांब्या स्वतः भरून घेत.

मागच्या वर्षी नानांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. उरला तो एकच उच्चार, "पा". काकीने त्यांची खाट पडवीत, कुंड्यांसमोर टाकून घेतली. सगळी आळी तिच्या सेवेचं कौतुक करत होती, आणि खोटं नव्हतं ते. नाना कसे लख्ख असत.

मी भेटायला गेले तेव्हा काकी झारी घेऊन नळावरून आली. तिने ती कुंड्यांवर वरूनच धरली, थाळ्या भरून वाहीपर्यंत. दवबिंदूवर एक थेंब उरला नव्हता. घटपर्णीचे पेले कागदासारखे झाले होते. नाना खाटेवरून डोळे फाडून बघत होते. "पा... पा..."

"तहान लागल्ये हो त्यांना," शेजारच्या वहिनी म्हणाल्या.

पिंपांची कुलपं उघडी होती. त्या पाण्याचं काय केलंस, असं मी काकीला विचारलं. "त्यानेच न्हाऊ घालत्ये की त्यांना," ती म्हणाली. "कातडी बघ कशी मऊ राहिल्ये."

मला संताप आला. दवबिंदूची कुंडी तरी वाचेल म्हणून मी उचलायला गेले. काकीने माझा हात धरला.

"राहू दे गो. त्यांच्या डोळ्यासमोर असू दे." मग अगदी हळू म्हणाली, "काय मागतायत ते कळतं मला. पण म्हणालेच होते ना ते, माझ्या हाताला काही जगत नाही."

मी कुंडी खाली ठेवली. काकीने नळाच्या पाण्याने पेला भरला, खाटेवर बसली आणि नानांची मान हातावर घेतली. त्यांनी आधी तोंड फिरवलं. ती पेला धरून बसून राहिली. मग नानांनी तोंड उघडलं आणि तिच्या हातचं पाणी घोट घोट करत सगळं प्यायले.