फुजैऱ्याहून चालणारा एसी

दोन हजार आठच्या मंदीत माझ्या नवऱ्याची दुबईतली नोकरी गेली. पाच महिने तो घरी होता. मग शंभरेक किलोमीटरवर फुजैऱ्याला तेलाच्या टर्मिनलवर काम मिळालं. तेव्हापासून तो आठवडाभर तिकडे आणि मी, मुलगी, सासूबाई शारजात, अल मजाज भागातल्या एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये. इथे सुट्टी शुक्रवार-शनिवारची, म्हणून गुरुवारी संध्याकाळी यायचा, शनिवारी परत जायचा. सहा वर्षं झाली तरी त्याची धास्ती गेली नव्हती. ऑफिसचा फोन वाजला की आधी चेहरा उतरायचा, मग तो उचलायचा.

त्या ऑगस्टमध्ये त्याने एसीचं तापमान ठरवणारा स्मार्ट थर्मोस्टॅट आणला. "मोबाइलवरून चालतो," म्हणाला. "तुम्ही तिघी इथे, मी तिथे. घर किती तापलंय ते तरी कळेल." शुक्रवारी दुपारी त्याने ब्रेकर पाडला, भिंतीवरचा जुना डबा उघडून वायरींचे फोटो काढले आणि नवा बसवला. तासाभरात घर गार झालं. त्याला इतकं खूश मी बऱ्याच दिवसांनी बघत होते.

रविवारी सकाळी पोळ्या करून हॉलमध्ये आले, तर तिथेही ओट्याजवळच्यासारखंच गरम. छताच्या जाळीतून वारा येत होता, पण कोमट. थर्मोस्टॅटवर चोवीस लावलेलं होतं आणि खोलीचं तापमान एकतीस.

नवऱ्याचा मोबाइल बंद. टर्मिनलच्या गेटवरच तो जमा करून घेतात, पाचला परत देतात. ऑफिसचा नंबर होता माझ्याकडे, पण "अगदीच तातडीचं असेल तरच," असं त्याने बजावलं होतं. घरच्या कटकटी साहेबाच्या कानावर जायला नकोत. मी नंबर लावला आणि रिंग जायच्या आत फोन ठेवून दिला.

खाली नातूरला, म्हणजे वॉचमनला, फोन केला. "मेंटेनन्सवाला कल आएगा, इन्शाल्ला."

"घर में बुजुर्ग हैं, भाईसाब."

"चार बिल्डिंग, एक आदमी है, मॅडम."

खिडकी उघडली तर बाहेरची झळ आत आली. लावून घेतली. फिल्टर धुऊन बसवला. ब्रेकर पाडून पुन्हा चढवला. बारा वाजता तेहतीस. शेजारचे दोन्ही फ्लॅट सुट्टीवर गेलेले.

सासूबाई शहात्तरच्या, ब्लडप्रेशरच्या गोळ्या चालू. "आमच्या सोलापुरात कुठे होता एसी?" म्हणून त्या मलाच धीर देत होत्या. मग बोलायच्या थांबल्या.

"मम्मा, आजी'ज हँड इज कोल्ड," मुलगी म्हणाली.

हात गार आणि ओला होता. खाली सुपरमार्केटमध्ये नेऊन बसवावं म्हणून त्यांना उठवलं, तर पाय थरथरायला लागले. परत बसवलं, मानेवर ओला पंचा ठेवला, लिंबाचं सरबत चमच्याने पाजलं. अँब्युलन्स बोलवावी का, हे मला ठरवता येईना. मुलीला म्हटलं, "आजीशी बोलत राहा, झोपू देऊ नकोस."

तेवढ्यात आठवण झाली, गेल्या गणपतीत आरतीला भेटलेले चिपळूणकडचे एक गृहस्थ साइटवर एसीचंच काम करतात. इथे उन्हाळ्यात साडेबारा ते तीन उन्हातलं काम बंद असतं, म्हणजे ते मोकळे असणार. त्यांनी दुसऱ्या रिंगलाच उचलला.

"वहिनी, घाबरू नका. हवा येते ना? मग पंखा चालू आहे. बिल्डिंगच्या चिलरचं गार पाणी तुमच्या एसीत येत नाही. बाथरूमच्या छतात झाकण असेल, ते सरकवा आणि पाण्याच्या पाइपला हात लावून सांगा."

मी स्टुलावर चढले. "गार नाहीये."

"म्हणजे व्हॉल्व्ह बंद आहे. तो कोण उघडतो?"

"नवीन थर्मोस्टॅट बसवलाय."

"असं. त्याच्यावर चित्र काय दिसतंय? बर्फाचं की सूर्याचं?"

हॉलमध्ये येऊन बघितलं. "सूर्याचं."

"तो हीटिंगवर आहे, वहिनी. खोली चोवीसच्या वर गेली म्हणजे आपलं काम झालं, असं समजून बसलाय. बटण दाबून बर्फ आणा."

तीनदा दाबल्यावर बर्फ आला. छतात टक् असा आवाज झाला. "पाइप बघू नका आता, आजींकडे बघा," ते म्हणाले आणि पंधरा मिनिटांनी त्यांनीच पुन्हा फोन केला. तोवर हवा गार झाली होती. अर्ध्या तासाने सासूबाईंनी वरणभात मागितला. मी मोरीत जाऊन तोंड धुतलं आणि थोडी रडले.

सव्वापाचला नवऱ्याचा फोन आला. "सव्वीस दिसतंय. सगळं ठीक ना?"

"सकाळी तू काही केलं होतंस का?"

"कामाच्या बसमध्ये जरा बटणं दाबून बघत होतो, इथून चालतो का ते. का गं?"

मी सांगितलं. बराच वेळ तो नुसता "आई कुठंय, आई कुठंय" विचारत राहिला. मी फोन सासूबाईंकडे दिला.

गुरुवारी आल्यावर त्याने सांगितलं, टर्मिनलवर पुन्हा माणसं कमी करणार, यादी लागणार, अशी कुजबुज होती. बसमध्ये काही सुचेनासं झालं की तो थर्मोस्टॅटचं ॲप उघडून बसायचा. मला राग धरता आला नाही. "आकडा खुशाल बघ," मी म्हटलं, "पण बटणाला हात लावायचा नाही." त्याने तिथेच मला पासवर्ड बदलायला लावला.

यादी दोन महिन्यांनी लागली. त्याचं नाव नव्हतं. त्याच्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाचं होतं.