माळावरचं फाटक

कल्पना करा, लांब दांड्याचं पातं तुमच्या हातात आहे. गवताची साल सोलून बाजूला ठेवलीय. आता पातं सरळ खाली दाबायचं, मनगट वळवायचं आणि पीटची, म्हणजे दलदलीत कुजून दबलेल्या गवताच्या मातीची काळी, ओली वडी उचलून काठावर मांडायची. वाळली की हीच वडी हिवाळाभर चुलीत जळणार. पातं मऊ मातीत सहज उतरत असतं, आणि मधेच खट्‌कन अडतं.

शेटलंड बेटावरच्या त्या उतारावर ओस्लाचं पातं असं अडलं ते मे महिन्यात, भर दुपारी. दरवर्षी पीट कापत पुढे सरकलेली खाच यंदा घराकडे उतरणाऱ्या पायवाटेला भिडली होती. तिने आणि तिच्या दिराने, लाउरीने, हाताने माती बाजूला केली. दगडी बांध निघाला. त्याच्या पायथ्याशी जमिनीवर उभ्याआडव्या रेघा होत्या, नांगराच्या. एवढं पीट साचायला हजारो वर्षं लागतात. म्हणजे त्याही आधी इथे कुणीतरी पेरत होतं.

बांधात एके ठिकाणी दोन उभे दगड होते, मधे माणूस जाईल एवढी जागा. ओस्लाने दोन्ही दगडांवर हात टेकवून पाहिले.

"भावजी, हे फाटक आहे."

लाउरी हसला, पण जरा उशिरा.

या उघड्या माळावर फाटक कुणी कधी पाहिलं नव्हतं. तरी ओस्ला लग्न होऊन आली, त्या पहिल्याच उन्हाळ्यात पाठीवर टोपली घेऊन ती उतरत असताना सासूबाई इथेच ओरडल्या होत्या, "अगं, लावून घे!"

"काय लावू?"

"फाटक! हात मोडलेत का?"

मग तीही शिकली. या जागी मागे वळायचं आणि हवेतली कडी खाली पाडायची. सासूबाईंना त्यांच्या सासूने शिकवलं होतं. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

लाउरीने अजून थोडी माती काढली. दोन दगडांमधली जागा मोकळी नव्हतीच. घराच्या बाजूने धोंडे टेकवून ती बुजवली होती, घाईघाईने, कसेही.

"उपटू का? चांगलं जळण याच्या पलीकडेच आहे, वहिनी."

"नको."

"मग हिवाळ्यात काय जाळशील? माझी टोपी?"

"तिच्यात तेल बरंच मुरलंय, पेटेल छान. तळ्याकडचं कापू."

"ते नुसतं धुमसतं. खोकून मरू."

"खोकू."

त्याने वाद घातला नाही. दोघांनी गवताची साल पुन्हा जागच्या जागी अंथरली, हिरवी बाजू वर, आणि पायाने दाबली.

उतरताना लाउरी पुढे होता. त्या जागी तो वळला, हवेत हात खाली नेला आणि यावेळी हसला नाही. मागून ओस्ला आली. तिचा हात उचलला गेला आणि तसाच राहिला. तिची नजर वर, रिकाम्या डोंगराकडे गेली.

हे फाटक ज्यांनी बुजवलं, त्यांना तिकडून काय येताना दिसलं होतं?