डावऱ्या हाताची अक्षरं

आमच्या घरी भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की सगळ्यात आधी फिदीफिदी हसणारी मीच. लातूरला स्मशानाच्या भिंतीला लागून आमचा क्लास होता, तिथे दोन वर्षं डबा खाल्लाय! तेव्हा ही मुलगी हलक्या काळजाची आहे असं कृपया कुणी समजू नका. आणि अलिबागला जे झालं त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतंच... तरी हे लिहायला मला वर्ष लागलं.

मी डिझाइनच्या तिसऱ्या वर्षाला होते. प्रोजेक्टसाठी चार महिने अलिबागला खोली घेतली होती. ओळखीचं कुणी नाही, मासळीचा वास सोसत नाही, समुद्र पहिल्यांदाच बघतेय — वेळ घालवायला ब्लॉग सुरू केला. शहरभर पायी भटकायचं आणि हाताने रंगवलेल्या अक्षरांची स्केचेस टाकायची. दुकानांच्या पाट्या, देवळांवरची नावं, बोटी. फोटो काढायचा नाही, हा सरांचा नियम होता.

नारळी पौर्णिमेच्या आधीची गोष्ट. पावसाने उघडीप दिली होती, म्हणून कोळीवाड्यात बोटींचं रंगकाम जोरात चाललेलं. दुपारचे तीन वाजले असतील. अगदी टोकाला, एका निळ्या बोटीवर एक माणूस नाव रंगवत होता — उलटं! आधी शेवटचं अक्षर, मग त्याच्या आधीचं. मी विचारलं, "दादा, हे काय?"

मान न वळवता तो म्हणाला, "डावरा हाय मी. पुढनं लिवला त वला रंग हातानं पुसतो."

मला ते इतकं आवडलं की अर्धा तास तिथेच बसून स्केच केलं. शर्टाच्या बाहीला एकच बटण लाल होतं, बाकीची पांढरी. तेही ब्लॉगवर लिहिलं. कोळीवाड्यातल्या कुणीतरी ते ग्रुपवर टाकलं असावं, कारण तिसऱ्या दिवशी सकाळी पत्ता विचारत दोघी जणी माझ्या दारात उभ्या. एक म्हातारी, एक तिशीतली.

तिशीतलीचं नाव सुनंदा. तिचा नवरा गजानन बोटीवर खलाशी होता, आणि बोटींवर नावंही रंगवायचा. दोन वर्षांपूर्वी बोट परत आली, तो आला नाही. देह सापडला नाही. सासू म्हणत होती, दर्भाचा पुतळा करून विधी करू या, पोराला मोकळं करू या. सुनंदा तयार नव्हती. शेवटी नातेवाइकांनी समजावून समजावून उद्याचा दिवस ठरवला, आणि आज हिने माझं स्केच पाहिलं.

"ते बटण मी लावलेलं, बाय," ती म्हणाली. "ज्या पहाटे गेले त्या पहाटे. पांढरं मिळंना. कुठं बगलंस त्यांना?"

मी दोघींना घेऊन किनाऱ्यावर गेले. निळी बोट तिथेच होती. पण नावाची जागा कोरी, रंगाचा ठिपका नाही. मालक म्हणाला, "पेंटर अजून आलाच न्हाय."

म्हातारीने मला बाजूला ओढलं. "तिला सांग, तू बगला न्हायस म्हनून. ती रोज जेवान झाकून ठेवते गं. माजा लेक गेला, आता ही पन चालली."

मी काय करायला हवं होतं, तुम्हीच सांगा. मी सुनंदाकडे गेले आणि म्हणाले, "ताई, मी त्यांना पाहिलं नाही. चहावाल्याने असा एक पेंटर होता म्हणून सांगितलं, मी मनानेच चित्र काढलं." आयुष्यात इतकं वाईट खोटं बोलले नव्हते. सुनंदा सासूकडे वळली. म्हणाली, "करा उद्या."

मी नंतर पुष्कळ चौकशी केली. त्या कोळीवाड्यात दुसरा डावरा पेंटर नाही. उन्हाची तिरीप, भास, डोक्यात बसलेल्या गोष्टी — मैत्रिणींनी सगळं सुचवून झालं. पण बटणाचं मला कोण सांगणार? मला खरंच काही कळलेलं नाही. तो ब्लॉग मी बंद केला.

एक मात्र सांगितलंच पाहिजे. विधी झाल्यावर संध्याकाळी सुनंदा एकटीच आली. कपाळ मोकळं होतं. आत ये म्हटलं तर आली नाही, जिन्यातच उभी राहिली. आवाज अगदी खाली आणून तिने विचारलं, "आता आय न्हाय इथं. खरं सांग बाय... जेवलेले दिसत व्हते का?"

अर्धा तास मी त्याच्यापासून चार हातांवर बसले होते. त्याच्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

"हो," मी म्हणाले. "पोटभर."