मुखवट्याचं माप

आमच्या शिलाईच्या धंद्यात ट्रायल घेतल्याशिवाय कपडा गिऱ्हाईकाच्या हवाली करत नाहीत. आयुष्यात एकदाच मी तसा दिला.

सातवीतून शाळा सोडून परभणीकडून निघालो आणि फिरत फिरत ओतूरजवळच्या एका गावात टेकलो. ज्यांच्या ओट्यावर माझी मशीन होती त्या घरमालकांना सगळा गाव अण्णा म्हणायचा. 'कुठला, कुणाचा' हे त्यांनी कधी विचारलं नाही. तापानं पडलो तेव्हा त्यांच्या घरातून तीन दिवस पेज आली. मी सदरा शिवून दिला तर म्हणाले, "आसू दे की राव, पेजंचा काय हिशोब असतो व्हय?" तेव्हापासून त्यांना कशानं तरी खूश करायची मला घाईच झाली होती.

गावच्या जत्रेत दरवर्षी गावकऱ्यांचाच एक वग व्हायचा. तोंडावर काळा मुखवटा बांधून घोड्यावरून येणारा सरदार, जुलमी कामदाराची कोठारं फोडून धान्य दारोदार ठेवणारा. गाणी, ढोलकी, शेवटी दांडपट्ट्याची लढाई. सरदार अण्णाच. पन्नाशी झाली तरी आवाज असा, की वेशीबाहेरची माणसं मान वळवायची. त्या साली उसात बिबट्याचा लई बोभाटा होता, म्हणून वग भर दुपारी ठेवलेला.

जुना मुखवटा उंदरांनी कुरतडला, नुसत्या चिंध्या उरल्या. अण्णा म्हणाले, "तूच शिव." मला आभाळ ठेंगणं झालं. ते ओट्यावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली, आणि मी टेप लावला. नाकाच्या शेंड्यापासून डोळे, कपाळ, टाळूवरून जाणारा पट्टा थेट मानेपर्यंत. काळं साटीन, आत अस्तर, कडेनं जरीची बारीक पट्टी. तसं काम मी पुन्हा केलं नाही.

पण ट्रायल नाही. तिथली रीत अशी, की मुखवटा आधी देवापुढं ठेवायचा आणि वगाच्या दिवशी तिथूनच उचलून तोंडावर चढवायचा. त्याआधी तो कुणी घालायचा नाही, आणि एकदा चढवला की वग संपेपर्यंत उतरवायचा नाही.

मुखवटा देवळात गेला. त्याच संध्याकाळी अण्णा आरशापुढं फेटा बांधून बघत होते. मी दारातून पाहिलं. सरदार फेट्यावरून मुखवटा बांधतो, हे तोवर मला ठाऊक नव्हतं. मी माप घेतलं उघड्या डोक्याचं. टाळूवरचा पट्टा चांगला चार बोटं तोकडा पडणार, आणि पट्टा तोकडा म्हणजे डोळ्यांची भोकं कपाळावर.

सांगायला उंबऱ्यापर्यंत गेलो, परत आलो. मशीनला तेल दिलं. पुन्हा गेलो. अण्णांच्या मंडळींनी विचारलं, "काय हवंय का, भाऊ?" मी म्हणालो, "काही नाही, पाणी." तांब्याभर पाणी प्यालो. बाहेरून आलेला मी, देवापुढची वस्तू परत मागायची कोणत्या तोंडानं? उद्या म्हणतील, ओटा मोकळा कर. आणि साटीन ताणतं, असंही मनाला सांगितलं. साटीन ताणत नाही. ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक?

दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णा रंगमंचावर आले ते डावा हात गालाला लावून. लोकांना वाटलं सरदार विचारात आहे. मला दिसत होतं, हातानं त्यांनी मुखवटा खाली ओढून धरलाय. पहिलं गाणं तसंच म्हटलं, सुरात. मी मंडपाच्या बांबूला धरून उभा, कात्री खिशात. ती का घेतली होती मलाही माहीत नाही.

मग लढाई. एका हातात ढाल, एका हातात दांडपट्टा. गालावरचा हात सुटला आणि मुखवटा सरकन वर गेला. अण्णांना काही दिसेना. पट्टा फिरला तो कामदाराऐवजी सोंगाड्याच्या कानाजवळून. सोंगाड्या ओरडला, "सरदार, दुश्मन हिकडं हाये! म्या तर तुमचा मानूस!" माणसं खो खो हसली. अण्णांनी दांडपट्टा थांबवला, पण रीत मोडून मुखवटा उतरवला नाही. पाय चाचपडत फळीच्या कडेकडं चाललेले. खाली दगडी पायऱ्या.

मी धावलो. वर कसा चढलो आठवत नाही. "अण्णा, थांबा, मी टेलर."

ते जागीच थांबले. सोंगाड्यानं गर्दीला हात केला, "पावणं, सरदाराचं डोळं उघडाया खुद्द टेलर आलंय!" ढोलकीवाल्यानं थाप दिली. अण्णांनी वाकून तोंड माझ्यापुढं धरलं. कात्रीचं टोक त्यांच्या पापणीपासून बोटभर लांब. ते तसूभरही मागं सरले नाहीत. मी डोळ्यांसमोर दोन फटी कापल्या, अस्तराचे धागे लोंबत राहिले. वग पुढं चालला, कामदार पडला, गाव नाचला.

दिवेलागणीला अण्णा ओट्यावर आले. फेटा सोडलेला, कपाळावर मुखवट्याच्या पट्ट्याचा लाल वळ.

"काल पानी प्याया आल्तास, तवा ठावं व्हतं तुला?"

मी हो म्हणून मान हलवली.

"माप चुकलं त्याचं काय न्हाई. मानूस चुकतो. पर माज्या घरात यून मला सांगाया भ्यालास? येवडं परकं केलंस व्हय रं आमाला?"

ओटा सोड म्हणाले असते तर सोपं गेलं असतं. त्यांनी मुखवटा मशीनवर ठेवला. "फटी नीट करून दे. पुढल्या साली ह्योच घालनार." आणि फेटा पुन्हा डोक्याला गुंडाळत समोर बसले. "घे माप."