गजूभाऊंच्या भट्टीतलं चौथं चाक

अशा गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आणि हे सगळं लिहून झाल्यावरही बसेल असं वाटत नाही. तुमचे अनुभव मी इथे बऱ्याच दिवसांपासून वाचते, पण कधी साधी कमेंटसुद्धा केली नाही. मला चारचौघांत बोलता येत नाही. शाळा इंग्लिश मीडियमची, त्यामुळे मराठी लिहायलाही वेळ लागतो. पण आमच्या घरात आता हा विषय कोणी काढत नाही, आणि माझ्या डोक्यातून तो जात नाही... म्हणून इथे लिहिते आहे.

आम्ही शेलूबाजारचे. वाशिम जिल्हा. बाबांचं बियाणं-खतांचं दुकान हायवेला लागून आहे, मागे आमचं शेत. घरात आई, बाबा, मी आणि मोठा भाऊ. त्याला मी दादा म्हणायचे.

दादा आणि बाबा एकमेकांशी भांडूनच बोलायचे. राग नसायचा त्यात. सकाळी चहा जास्त गोड झाला इथपासून सुरू व्हायचं ते रात्री गेटला कुलूप कोणी लावायचं इथपर्यंत. दोघं गप्प बसले की आई विचारायची, "काय झालं? तब्येत बरी नाही का कोणाची?"

दसऱ्याला गाडी धुताना अलॉय व्हील्सचा विषय निघाला. दादाची पांढरी कार, तिची चाकं कडेला घासून घासून खराब झाली होती. दादाला ती नवी करून ब्रॉन्झ रंगात हवी होती. तांब्याच्या जुन्या भांड्यासारखा तो रंग असतो. मोबाईलवरचा फोटो त्याने बाबांच्या नाकासमोर धरला.

"सोयाबीन विकून घेतलेली गाडी हाय," बाबा म्हणाले, "नवरदेवाची घोडी नाही. सिल्व्हर होते, सिल्व्हरच राहीन."

"तुमी पोळ्याले बैलाचे शिंगं रंगवता, ते चालते?"

"बैल माया हाय."

"मंग चाकं मायी हायेत."

बाबांना हसू आलं, पण हो काही म्हणाले नाहीत.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, दिवेलागणीच्या वेळी, दादाची कार रस्त्यात उभ्या असलेल्या एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मागून धडकली. ट्रॉलीला मागे लाईट नव्हता. दादाच्या डोक्याला मार लागला. त्याला अकोल्याला हॉस्पिटलमध्ये नेलं, आयसीयूमध्ये ठेवलं. तो शुद्धीवर आला नाही.

आई तिथेच राहिली. मी आणि बाबा येऊन-जाऊन. घरात बाबांनी एक नियम केला – दादाचं काहीही हलवायचं नाही. खुंटीवरचा शर्ट, पलंगाखालच्या चपला, सगळं होतं तसंच. काही बदललं म्हणजे तो येणार नाही हे आपण मान्य केलं, असं त्यांना वाटत असावं. ते तसं बोलले नाहीत, मला ते दिसायचं. गाडीसुद्धा त्यांनी लगेच गॅरेजला टाकली. "तो घरी आला की गाडी दारात पाह्यजे." चाकं मात्र गॅरेजवाला करत नव्हता. ती आम्ही वाशिमला गजूभाऊंकडे नेली.

गजूभाऊंचं काम मी नंतर बरंच जवळून पाहिलं, म्हणून सांगते. चाकाचा जुना रंग केमिकलने काढतात, खड्डे भरून घासतात, प्रायमर मारतात, मग रंग, वर चकाकीसाठी पारदर्शक क्लिअर कोट, आणि शेवटी भट्टीत भाजतात. भट्टी म्हणजे पत्र्याचं मोठं कपाट, आत हीटर. त्यांनी शेड कार्ड पुढे केलं. गनमेटल, ग्लॉस ब्लॅक, ब्रॉन्झ, सिल्व्हर.

"काहून सिल्व्हर?" ते बाबांना म्हणाले. "हे तर सगळेच करतात. ताई, तुमी सांगा काही."

मी ब्रॉन्झच्या चौकोनाकडे पाहत होते.

"होतं तसंच करा," बाबा म्हणाले.

त्या दिवशी आयसीयूमध्ये मी बाबांच्या मागे उभी होते. तोंडात नळी असलेल्या मुलाशी काय बोलायचं हे त्यांना कळत नव्हतं. मग एकदम म्हणाले, "सिल्व्हर सांगून आलो. बोल, काय बोलतं आता." नर्सने वळून पाहिलं.

चाकं तयार झाल्याचा फोन आला म्हणून गेलो, तर गजूभाऊ नजर चुकवत होते. तीन चाकं सिल्व्हर. चौथं, म्हणजे पुढचं डावं, ब्रॉन्झ.

"भट्टीत गरम जास्त झालं असन," ते म्हणाले. "क्लिअर कोट जळला की पिवळा पडते."

पण तो पिवळा नव्हता. मी शेड कार्ड चाकाला लावून पाहिलं. कार्ड कुठे संपतं आणि चाक कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. मी म्हटलं, स्प्रे गनमध्ये जुना रंग राहिला असेल. ते म्हणाले, "मंग चारही व्हायला पाह्यजे होते ना ताई? एकाच गनने मारले."

बाबांनी चाकाभोवती एक फेरी मारली. मला वाटलं, चिडतील. ते चक्क हसत होते. अपघातानंतर पहिल्यांदा.

"पुन्हा सिल्व्हर मारा," ते म्हणाले.

अकोल्याला जाऊन त्यांनी दादाला सगळं सांगितलं. "चाल खेळतं का माह्याशी? पाहतोच मी." आई रडायला लागली. "असू द्या ना आता. द्या त्याले पाह्यजे तो रंग."

"त्यानं उठून सांगावं मले," बाबा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर जी आशा होती ती मला बघवत नव्हती.

दुसऱ्या वेळी मी दुपारभर गजूभाऊंच्या शेडमध्ये बसून राहिले. मला फक्त चूक शोधायची होती. चाक बदललं जातंय का? नाही – त्याला आतल्या बाजूला वेल्डिंगचा एक वाकडा डाग आहे, तो मी आधीच पाहून ठेवला होता. सिल्व्हरचा डबा माझ्यासमोर उघडला, गन माझ्यासमोर धुतली. चाक सिल्व्हर झालेलं मी पाहिलं. भट्टीचं दार लागलं आणि मी स्टूल दारासमोर ओढून बसले.

दार उघडलं तेव्हा आत ब्रॉन्झ चाक होतं. आतला वेल्डिंगचा डाग तोच.

गजूभाऊ खाली बसले. "हे चाक घेऊन जा ताई," ते म्हणाले. "फुकट करून देल्लं समजा."

बाबांनी ते नेलं नाही. तिसऱ्यांदा सिल्व्हर मारायचं ठरवूनच ते अकोल्याला गेले. पण तिथे दादाला इन्फेक्शन झालं होतं. ताप उतरत नव्हता. डॉक्टर आमच्याशी बोलताना फाईलकडेच पाहत होते. आईने कॉरिडॉरमध्ये बाबांचा हात धरला. "आजपासून भांडू नका त्याच्याशी. एकदा तरी ऐका त्याचं. माह्यासाठी."

बाबा आत गेले. दादाच्या कानाशी वाकून म्हणाले, "जिंकला तू. ब्रॉन्झच करतो, चारही." पुन्हा एकदा म्हणाले, "ऐकू येते ना? तुयाच मनासारखं."

बाहेर आल्यावर त्यांनी लगेच गजूभाऊंना फोन लावला.

गजूभाऊंनी चारही चाकांवर ब्रॉन्झ मारला. मी आणि बाबा दोघंही तिथेच होतो. डावं चाक आधीच ब्रॉन्झ होतं, तरी तेही घासून नव्याने केलं. चारही चाकं मी भट्टीत जाताना पाहिली, सगळी एकसारखी.

दार उघडलं. तीन चाकं ब्रॉन्झ. डावं साधं सिल्व्हर. शोरूममधून आलं तेव्हा होतं तसं.

"मी ब्रॉन्झच मारला ना हो," गजूभाऊ म्हणाले. "तुमी पाह्यलं ना. पाह्यलं ना ताई?"

मी मान डोलावली. बाबांनी गरम चाकाला हात लावला आणि काढलाच नाही. मी तो ओढून काढला. तळवा लाल झाला होता. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्याले रंग नाही, भांडण पाह्यजे होतं. भांडत होता तोवर होता तो."

मी म्हटलं, बाबा, असं काही नसतं. माझं वाक्य पूर्ण होण्याआधी फोन वाजला. आईचा होता.

दादाला जाऊन आता बराच काळ झाला. मी रंगांबद्दल नेटवर जितकं सापडलं तितकं वाचलं. एका पेंट कंपनीच्या माणसाला ईमेल केला. त्याने उष्णता, ओलावा, खराब बॅच अशी कारणं लिहिली. मी ती सगळी खरी मानायला तयार आहे. पण एकच चाक, तेही दोनदा, आणि तिसऱ्या वेळी उलट... यावर त्याचं उत्तर आलं नाही. गजूभाऊंनी आमचा फोन उचलणं बंद केलंय.

गाडी मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी आहे. शेवटच्या वेळी भट्टीतून काय निघालं ते आईला आम्ही सांगितलेलं नाही. भांडू नका हे तीच म्हणाली होती. ती ताडपत्री कधी उचलत नाही, आणि ती उचलेल याची मला रोज भीती वाटते.

आणि बाबा... बाबा आता कोणाशीच वाद घालत नाहीत. चहा कसाही झाला तरी पितात. परवा मी मुद्दाम त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "बाबा, चारही चाकं काळी करून टाकते. दादालाही नसती आवडली. रंगवायला सांगू का कोणाला?"

मी वाट पाहत होते. बैलांवरून, सोयाबीनवरून, काहीही चाललं असतं.

ते म्हणाले, "कर."